नव्या मत्स्यालयातील माशांचे मरण : एका घरगुती प्रश्नाच्या उकलीचा इतिहास

प्रस्तावना

घरात नव्याने मांडलेल्या मत्स्यालयाचा अनुभव बहुधा सर्वत्र एकसारखा असतो. काचेची टाकी आणली जाते, तळाशी धुतलेली वाळू किंवा खडी पसरली जाते, नळाचे पाणी भरले जाते, हवेचा पंप सुरू होतो आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आठ-दहा मासे पाण्यात सोडले जातात. पहिले दोन-तीन दिवस सारे सुरळीत वाटते. त्यानंतर पाणी दुधाळ होते, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात एकेक मासा मरू लागतो. घरातील मंडळी टाकी रिकामी करतात, खडी गरम पाण्याने धुतात, सगळे पाणी बदलतात आणि नवे मासे आणतात. पुढील काही आठवड्यांत तोच प्रकार पुन्हा घडतो. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत नव्याने मांडलेल्या टाक्यांची कथाही याहून फार निराळी नसते.

या बिघाडाचे कारण आज चांगले ज्ञात आहे. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात सतत मिसळत असतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती जुन्या टाकीत असते. नव्या टाकीत ती नसते. ही वस्ती तयार होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात आणि मासे मरतात ते नेमके याच मधल्या काळात.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक वेगळाच प्रश्न पडतो. मत्स्यालयाचा छंद १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुजला. अमोनियाचे नायट्रेट सजीवांकडून होते हे १८७७ मध्ये प्रयोगाने दाखविले गेले आणि १८९१ पर्यंत त्या क्रियेचे दोन्ही टप्पे स्पष्ट झाले. असे असताना हे ज्ञान मत्स्यालयापर्यंत पोहोचण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध का उजाडावा लागला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. टाकीतील बिघाडाचे निदान त्या त्या काळी ज्या विद्याशाखेने केले, तिच्याच भाषेत उपाय सुचविले गेले, आणि उत्तर शेजारच्या विद्याशाखेत उपलब्ध असूनही ते दीर्घकाळ उचलले गेले नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. संतुलनाची कल्पना : वायूंचा हिशेब

काचेच्या पात्रात जलचर ठेवून त्यांचा अभ्यास करण्याचे काम फ्रेंच निसर्गअभ्यासक जान विलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे केले. आर्गोनॉट हा समुद्री प्राणी आपले कवच स्वतःच तयार करतो, हे त्यांनी अशा निरीक्षणांतून दाखविले. परंतु पाणी वारंवार न बदलता प्राणी दीर्घकाळ जिवंत कसे ठेवावेत, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे पहिले पद्धतशीर उत्तर लंडनमधील ॲपोथेकरीज हॉल येथील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दिले. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५४ लिटर पाणी मावेल अशा काचपात्रात वाळू, गाळ आणि चुनखडीसह काही दगड ठेवले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. त्यांच्या विचारामागे अठराव्या शतकातील वायुविषयक रसायनशास्त्र उभे होते. वनस्पती दूषित हवा पुन्हा श्वसनयोग्य करते हे जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये दाखविले होते. त्यासाठी सूर्यप्रकाश आवश्यक असतो हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये सिद्ध केले होते. माशाने सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पतीने सोडलेला ऑक्सिजन माशाने घ्यावा, असा हा जमाखर्च होता.

प्रत्यक्षात मात्र वॉरिंग्टन यांच्या टाकीतही बिघाड झालाच. व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, हिरवे शेवाळ वाढले आणि पाणी गढूळ झाले. त्यांनी पाण्यातल्या गोगलगायी टाकीत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी स्वच्छ झाले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय असे हे त्रिकूट पुढे संतुलित मत्स्यालयाचा आदर्श ठरले. १८५० मध्ये वॉरिंग्टन यांनी हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले.

आज या प्रयोगाकडे पाहताना दोन बाबी लक्षात येतात. पहिली ही की, कुजणाऱ्या पदार्थामुळे टाकी बिघडते हे वॉरिंग्टन यांनी अचूक हेरले होते. दुसरी ही की, त्यांच्या टाकीच्या यशाचे श्रेय केवळ वायूंच्या देवाणघेवाणीला देता येत नाही. मासे दोनच होते, वनस्पती अमोनिया थेट शोषून घेत होती आणि वाळू व दगड यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांना वस्तीसाठी भरपूर जागा होती. हे सूक्ष्मजीव टाकीत काम करीत होते, पण हिशेबाच्या वहीत त्यांचे नाव नव्हते.

२. छंदाची लाट आणि हवेचा उपाय

वॉरिंग्टन यांच्या निबंधानंतर अल्पावधीत मत्स्यालय हा इंग्लंडमधील मध्यमवर्गीय दिवाणखान्यांचा छंद बनला. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये जलचरांचे स्वतंत्र दालन उघडले गेले. त्या कामाशी निकटचा संबंध असलेले निसर्गलेखक फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या नावाने हा छंद जगभर ओळखला जाऊ लागला.

या काळात बिघाडाचे निदान एकच असे : पाण्यात ऑक्सिजन कमी पडला. त्यामुळे उपायही हवेचाच असे. ॲना थिन या अभ्यासक बाईंनी १८४६ पासून लंडनमध्ये समुद्री प्रवाळ जिवंत ठेवले होते. त्यासाठी त्यांच्या घरी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत राहण्याचे कष्टाचे काम नित्य करावे लागे. पुढे त्यांनी समुद्री वनस्पतींची जोड दिली. हवा देण्याचा हा उपाय चुकीचा नव्हता. मासा धापा टाकतो तेव्हा पाण्यात ऑक्सिजन कमी असण्याचा संभव असतोच. परंतु अमोनियाने कल्ल्यांना इजा झालेला किंवा नायट्राइटने रक्त निकामी झालेला मासाही तसाच धापा टाकतो. लक्षण एक आणि कारणे तीन, अशी ही अवघड स्थिती होती.

या पिढीतील सर्वांत कुशल व्यावसायिक विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी हॅम्बर्ग (१८६४) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील सार्वजनिक मत्स्यालयांत वेगळी व्यवस्था केली. प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा साठा तळघरात ठेवून पाणी सतत फिरते ठेवण्याची ही पद्धत होती. पाणी बदलू नये, ते फिरवावे, हा त्यांचा आग्रह अनुभवातून आलेला होता. अशा फिरत्या पाण्याच्या नळांत, भिंतींवर व साठ्यात सूक्ष्मजीवांची वस्ती होत असणार, हे आपण आजच्या ज्ञानावरून म्हणू शकतो. त्या वेळी या यशाचे स्पष्टीकरण हवा, थंडावा आणि अंधार या शब्दांतच दिले जाई.

३. मातीतील उत्तर

याच सुमारास उत्तर तयार होत होते ते शेतीच्या आणि सांडपाण्याच्या अभ्यासात. त्याची पार्श्वभूमी भारतीय वाचकास जवळची आहे. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, सतराव्या-अठराव्या शतकांत बिहारमधून मोठ्या प्रमाणावर युरोपात जात असे. जनावरांच्या मलमूत्राने भिजलेल्या मातीतून तो काढला जाई. मूत्रातील नायट्रोजनाचे नायट्रेट कसे होते, ही त्यामुळे युद्ध आणि व्यापार यांच्याशी निगडित अशी समस्या होती. ही क्रिया निव्वळ रासायनिक मानली जात असे. ती सजीवांमुळे होत असावी, अशी शक्यता लुई पाश्चर यांनी १८६२ मध्ये सुचविली.

१८७७ मध्ये पॅरिस येथे थेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युंट्स यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी संथपणे झिरपत ठेवले. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली; क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावर थोड्या मातीचे पाणी घातले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. क्रिया सजीवांची आहे, हे यावरून सिद्ध झाले.

नव्या मत्स्यालयाचा संपूर्ण इतिहास या एका प्रयोगात सामावलेला आहे. वाळू आणि चुनखडी म्हणजे टाकीचा तळ. सांडपाणी म्हणजे माशांचे उत्सर्जन. वीस दिवसांची प्रतीक्षा म्हणजे नव्या टाकीतील संकटकाळ. क्लोरोफॉर्म म्हणजे गरम पाण्याने आणि जंतुनाशकाने केलेली धुलाई. आणि मातीचे पाणी म्हणजे जुन्या टाकीतून आणलेली मूठभर खडी.

हा प्रयोग पुढे नेणारा संशोधक होता रॉबर्ट वॉरिंग्टन. १८४९ च्या टाकीचा कर्ता नव्हे, तर त्याचा त्याच नावाचा मुलगा. १८३८ मध्ये जन्मलेल्या या धाकट्या वॉरिंग्टन यांचे रसायनशास्त्राचे शिक्षण वडिलांच्याच प्रयोगशाळेत झाले होते. प्रसिद्ध टाकी मांडली गेली तेव्हा ते अकरा वर्षांच्या आसपास होते. १८७६ पासून ते रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात काम करू लागले. शेतातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नायट्रेट वाहून जाते आणि खताचे नुकसान होते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून त्यांनी दाखवून दिले की, अमोनियाचे नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे असे दोन वेगवेगळे कर्ते असतात. हे जीवाणू शुद्ध रूपात वेगळे करणे मात्र त्यांना साधले नाही. जिलेटिनसारख्या सेंद्रिय माध्यमावर ते वाढत नसल्याने नेहमीची पद्धत येथे कुचकामी ठरत होती. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी झुरिक येथे १८९० च्या सुमारास सेंद्रिय द्रव्यविरहित माध्यम वापरून ही अडचण दूर केली.

पित्याने जो बिघाड गोगलगायी सोडून आवरला, त्याच्या मुळाशी असलेली क्रिया पुत्राने चार दशकांत उलगडली. परंतु पित्याची टाकी निसर्गप्रेमींच्या पुस्तकांत गेली आणि पुत्राचे निबंध कृषिरसायनाच्या नियतकालिकांत गेले.

४. समांतर प्रवाह

यानंतरची सुमारे साठ वर्षे हे दोन प्रवाह एकमेकांस समांतर वाहत राहिले. सांडपाण्याच्या अभियंत्यांनी जीवाणूंचे ज्ञान त्वरेने उचलले. मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये सक्रिय गाळाची पद्धत मांडली. जुना गाळ फेकून न देता तो नव्या सांडपाण्यात मिसळल्यास शुद्धीकरण कितीतरी जलद होते, हे त्या पद्धतीचे मर्म होय.

दुसरीकडे शरीरक्रियाशास्त्रात होमर स्मिथ यांनी १९२९ मध्ये दाखविले की, मासे नायट्रोजनयुक्त उत्सर्जनाचा मोठा भाग मूत्रावाटे नव्हे, तर कल्ल्यांवाटे, मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. म्हणजे १९२९ पर्यंत कोड्याचे सर्व तुकडे हाती होते. तरीही मत्स्यालयाच्या छंदात अमुक इतक्या माशांमागे अमुक इतकी वनस्पती, हा वायूंचा जुना हिशेबच प्रबळ राहिला.

या हिशेबावर न्यूयॉर्क येथील मत्स्यतज्ज्ञ जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये थेट हल्ला केला. संतुलित मत्स्यालय ही दंतकथा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. टाकीतील वायूंची देवाणघेवाण प्रामुख्याने पाण्याच्या पृष्ठभागावर हवेशी होते, वनस्पतींशी नव्हे. रात्री तर वनस्पतीही ऑक्सिजन घेतात. शतकभराच्या श्रद्धेला बसलेला हा धक्का आवश्यक होता. जोवर वायूंचा हिशेब पुरेसा वाटत होता, तोवर दुसऱ्या कारणाचा शोध घेण्याची निकड कोणाला भासणार नव्हती.

५. प्रवाहांचा संगम

दुसऱ्या महायुद्धानंतर मत्स्यालय हा प्लॅस्टिक, विजेचे पंप आणि विमानाने येणारे उष्ण कटिबंधीय मासे यांवर उभा असलेला व्यवसाय झाला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते याच कालखंडात. मासे दाटीने ठेवले जाऊ लागले, तशी जुनी सूत्रे अधिकच अपुरी पडू लागली. जपानमध्ये साएकी यांनी १९५८ मध्ये बंदिस्त, फिरत्या पाण्याच्या मत्स्यपालनाचा सिद्धांत मांडताना गाळणीतील जीवाणूंच्या कार्यक्षमतेचा हिशेब केला. अमेरिकेत स्टीफन स्पॉट यांच्या १९७० मधील ग्रंथाने जैविक गाळणीची संकल्पना मत्स्यालयांच्या व्यवस्थापकांपर्यंत पोहोचविली. गाळणी म्हणजे केर अडविणारी चाळणी नव्हे, तर ती सूक्ष्मजीवांची वस्ती आहे, हा दृष्टिकोनातील बदल येथे पूर्ण झाला.

यानंतर ज्ञानाचा ओघ उलट दिशेनेही वाहू लागला. पाठ्यपुस्तकांत नायट्राइटचे ऑक्सिडीकरण करणारा म्हणून नायट्रोबॅक्टर हा जीवाणू प्रसिद्ध होता. टिमोथी होव्हानेक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले की, गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पिरा गटातील जीवाणू करतात. २००५ मध्ये सिॲटल येथील मत्स्यालयाच्या समुद्री टाकीतून मार्टिन क्योनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा एक आर्किया वेगळा केला. जीवाणूंहून भिन्न असलेल्या या सूक्ष्मजीवगटात अशी क्षमता असल्याचा तो निर्णायक पुरावा ठरला. २०११ मध्ये कॅनडातील संशोधकांना घरगुती गोड्या पाण्याच्या गाळण्यांतही असेच आर्किया बहुसंख्येने आढळले. २०१५ मध्ये तर अमोनिया ते नायट्रेट हा संपूर्ण प्रवास एकटाच करणारा नायट्रोस्पिरा सापडला. त्याचा एक नमुना नेदरलँड्समधील संशोधकांना मत्स्यपालनाच्या फिरत्या पाण्याच्या यंत्रणेतील गाळणीतच मिळाला. दोन टप्पे आणि दोन कर्ते हे धाकट्या वॉरिंग्टन यांचे चित्र सव्वाशे वर्षांनी असे विस्तारले.

६. या इतिहासाचा टाकीसाठी अर्थ

प्रत्येक कालखंडाने दिलेला उपाय आजही घराघरांत जिवंत आहे. पाणी दुधाळ झाले की वनस्पती आणाव्यात, हा १८५० चा उपाय. मासे धापा टाकू लागले की दुसरा पंप जोडावा, हा ॲना थिन यांचा उपाय. आणि मासे मेले की टाकी निर्जंतुक करावी, हा जंतू म्हणजे केवळ रोग असे मानणाऱ्या काळाचा उपाय. यांपैकी पहिले दोन अपुरे आहेत. तिसरा मात्र अपायकारक आहे, कारण त्यामुळे वाढत असलेली वस्ती नष्ट होऊन सारे पुन्हा प्रारंभापासून सुरू होते.

निदान रासायनिक परीक्षणाने करावे लागते. अमोनियाची विषारिता पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भाग विषारी रूपात असतो. सामू ८ असताना हाच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून कूपनलिकेच्या अल्कधर्मी पाण्यात तेवढ्याच माशांना अधिक धोका असतो. नायट्राइट हे रक्तातील हीमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घालविते. अशा वेळी पाण्यातील थोडे मीठ त्याचे शोषण रोखते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांप्रमाणेच या वस्तीलाही मारक असल्याने पाणी आधी क्लोरीनमुक्त करावे लागते.

यावरून उपायांची दिशा स्पष्ट होते. सुरुवातीस एक-दोनच मासे सोडावेत आणि खाद्य अगदी मोजके द्यावे. परीक्षणात अमोनिया किंवा नायट्राइट वाढलेले दिसल्यास सगळे पाणी न बदलता पाव हिस्सा, आवश्यक तर रोज, बदलावा. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. निरोगी जुन्या टाकीतील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी आणल्यास प्रतीक्षा बरीच कमी होते. मासे न सोडता केवळ अमोनिया घालून वस्ती वाढवून घेणे हा तर सर्वांत निर्दोष मार्ग होय, कारण त्यात एकाही जिवाचा बळी जात नाही. वीज दीर्घकाळ गेल्यास गाळणीतील वस्ती ऑक्सिजनअभावी मरू शकते, याचेही भान ठेवावे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, नव्या मत्स्यालयातील माशांचे मरण ही ज्ञानाच्या अभावापेक्षा ज्ञानाच्या विभागणीची कहाणी आहे. नायट्रीकरण शेतीशास्त्राला ठाऊक होते, सक्रिय गाळ अभियंत्यांना ठाऊक होता, कल्ल्यांचे उत्सर्जन शरीरक्रियाशास्त्राला ठाऊक होते. टाकीत मात्र या तिन्ही गोष्टी एकाच पाण्यात घडत होत्या आणि त्या एकत्र पाहणारा कोणी नव्हता.

आपल्याकडे नायट्रोजन चक्र शाळेपासून शिकविले जाते. आकृतीत शेत, कडधान्यांची मुळे आणि आकाशातील वीज असते. हे चक्र डोळ्यांदेखत, चार ते सहा आठवड्यांत, अत्यल्प खर्चात दाखविता येईल असे स्थळ म्हणजे महाविद्यालयातील माशांची टाकी होय. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अमोनिया व नायट्राइट मोजावे, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गाळणी तपासावी आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यानंतरच मासे सोडावेत, अशी संयुक्त प्रात्यक्षिके सहज आखता येतील. १८७७ च्या नळीतील वीस दिवसांची प्रतीक्षा विद्यार्थ्याने स्वतः अनुभवली, तर घरी टाकी मांडताना पाणी भरल्याच दिवशी मासे सोडण्याची घाई तो करणार नाही.